तबकडीवरचं नाव

३ जानेवारी

घड्याळ घरी आलं. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी. (वेळ माझ्या मनगटावरची. आलेलं घड्याळ बंद आहे.)

वेधशाळा नव्या जागेत गेली आणि जुन्या इमारतीतलं सामान भंगाराच्या यादीत निघालं. तेविसाव्या क्रमांकावर लिहिलं होतं, "भिंतीवरचं घड्याळ, जुनं, नादुरुस्त, सोबत दोन खुर्च्या." ज्या घड्याळावर सबंध गावाची वेळ लागायची, त्याचं हे वर्णन! दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात घडलेलं, पुरुषभर उंचीचं, लंबकाच्या टोकाला काचेच्या नळकांड्यात पारा. उन्हाळा असो की हिवाळा, दिवसाला अर्ध्या सेकंदाचाही फरक पडू न देणारं यंत्र, आणि सोबत दोन खुर्च्या. यादी करणाऱ्याला नोटीस द्यायला हवी होती. तूर्त त्याच्या अज्ञानाचा फायदा मी घेतला.

हिचं काचेचं कपाट बोळात हलवलं. घड्याळाकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "ह्यात तर तीन तबकड्या आहेत. किती वाजले ते बघायचं कुठे?"

समजावून सांगितलं. मोठा काटा मिनिटांचा, वरची लहान तबकडी सेकंदांची, खालची तासांची. अचूक घड्याळांची हीच रीत.

"म्हणजे वेळ बघेपर्यंत वेळ निघून जाणार," असं म्हणून ही कपाटातल्या बशा मोजायला गेली.

मी त्या वेधशाळेचा तीस वर्षं कार्यालय अधीक्षक होतो. माझ्यामागे मला सगळे "काटा" म्हणायचे. घड्याळाचा, अर्थात. अशी नावं मागून मिळत नाहीत, कमवावी लागतात.

५ जानेवारी

गवंड्याने भिंतीत चार बोल्ट बसवले. लंबक मी स्वतः, श्वास रोखून अडकवला. हलकेच झोका दिला. टिक. टक. डोळ्यांत पाणी आलं. ही वही दुसरं कोणी वाचत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही.

चार मिनिटांनी बंद पडलं. पुन्हा झोका, पुन्हा चार मिनिटं. प्रवासाचा शीण असावा.

८ जानेवारी

शीण नसावा.

११ जानेवारी

तबकडीवर कारागिराचं नाव आहे. वळणदार अक्षरं, खाली त्याचं गाव आणि घड्याळाचा क्रमांक. मी त्याला मनातल्या मनात "मूळपुरुष" म्हणू लागलो आहे. एकेक दाता हाताने घासणारा, पहाटे पाचला उठणारा, शब्दाचा आणि वेळेचा पक्का. चित्र डोळ्यांपुढे स्वच्छ उभं राहतं. अशा माणसाची आणि माझी भेट व्हायला हवी होती. आमचं जमलं असतं.

ग्रंथालयातल्या संगणकावर शोधलं, तर इंग्लंडात त्याच्या नावाचं स्मृतिमंडळ निघालं. आजच पत्र धाडलं. घड्याळ चालत नसल्याचा उल्लेख टाळला. पहिल्याच पत्रात घरचं रडगाणं कशाला?

१९ जानेवारी

बाजारातला घड्याळजी येऊन गेला. दार उघडून आत बघितलं आणि हात मागे बांधले. म्हणाला, "ह्याला हात लावायची माझी छाती नाही साहेब. तुमच्याच वेधशाळेत एक मिस्त्री होते. हे घड्याळ त्यांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलंय. त्यांना विचारा ना."

मी विषय बदलला.

१० फेब्रुवारी

इंग्लंडहून उत्तर आलं! मंडळाच्या सचिव असलेल्या बाई चक्क मूळपुरुषाच्या घराण्यातल्या, त्यांच्या पणतूची लेक. त्या लिहितात की आमच्या घड्याळाचा क्रमांक मंडळाकडच्या जुन्या वहीत सापडत नाही. एप्रिलमध्ये त्यांचा ह्या बाजूला प्रवास आहे, तेव्हा घड्याळ चालू स्थितीत बघायला आवडेल. रोज ते किती मागे-पुढे जायचं ह्याच्या नोंदी असल्या तर फारच उत्तम. आणि इतकी वर्षं ते कोणी सांभाळलं, तेही कळावं.

क्रमांक वहीत नाही! अर्थ उघड आहे. हे घड्याळ मूळपुरुषाने कोणा बड्या असामीसाठी गुपचूप बनवलं असणार, वहीत न चढवता. हिला सांगितलं तर म्हणाली, "किंवा लिहायला विसरला असेल."

असली माणसं विसरत नाहीत. एक पुस्तिका लिहायला घेतली आहे. "मूळपुरुष आणि त्याचा वारसा." बाई आल्या की वाचून दाखवीन.

२ मार्च

पुस्तिका सातव्या पानावर. घड्याळ चौथ्या मिनिटावर.

आज ही स्पष्टच बोलली. "पाहुणी येणार, भिंतीवर घड्याळ मेलेलं, आणि तुम्ही त्याच्या बापाचं चरित्र लिहिताय. मिस्त्रींना बोलवा की."

"त्यांना बोलावणं प्रशस्त दिसणार नाही."

"कोणाला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहून ठेवतो. मिस्त्री, म्हणजे उपकरणं दुरुस्त करणारे, हाताचे चांगले होते. पण हजेरीच्या बाबतीत शून्य. कचेरी साडेनऊची, आणि हे येणार नऊ तेहतीसला. कधी नऊ चौतीस. एक दिवस नाही, महिना नाही, वर्षानुवर्षं. हाताला रॉकेलचा वास, तोंडाने एक शब्द नाही. मी लाल शाईने खूण करायचो, ते खाली सही करायचे. शेवटी उपकरण विभागाचं प्रमुखपद रिकामं झालं तेव्हा त्यांचंच नाव पुढे होतं. मी गोपनीय अहवालात एकच वाक्य लिहिलं, "वक्तशीरपणाचा अभाव." पद बाहेरून आलेल्या माणसाला गेलं. दोन वर्षांनी मिस्त्रींनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

ह्यात माझा वैयक्तिक आकस तिळभर नव्हता. नियम म्हणजे नियम.

४ मार्च

गेलो. सायकलच्या दुकानावर त्यांची एक खोली आहे. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालीय, दुसऱ्याची व्हायचीय. मला ओळखायला जरा वेळ लागला. ओळखल्यावर उठून उभे राहिले. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून जरा ओशाळल्यासारखंही झालं.

घड्याळ माझ्याकडे आहे म्हटल्यावर चेहरा बदलला. "भंगारात गेलं असं ऐकलं होतं," म्हणाले. मग इतकंच विचारलं, "कितीला येऊ साहेब?"

"दहाला."

"दहाला येतो."

७ मार्च

आले. मनगटावरच्या घड्याळात दहाला एक मिनिट कमी होतं.

हत्यारांची पिशवी खाली ठेवली, लंबकाला झोका दिला आणि डोळे मिटून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मला वाटलं थकले. अर्ध्या मिनिटात म्हणाले, "लंगडतंय. टिक लांब, टक आखूड. पेटी डावीकडे कललीय. शिवाय आत तेल घट्ट झालंय, तिसऱ्या चाकापाशी घरघर आहे."

मी घड्याळाला कान लावून बघितला. मला स्वयंपाकघरातला कुकर ऐकू आला.

"वहिनी, जाड पुठ्ठा आहे का हो?"

हिने माझ्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ दिलं. म्हणे घरात दुसरा जाड पुठ्ठा नव्हता. त्याच्या दोन घड्या पेटी आणि डावीकडच्या बोल्टामध्ये सरकवल्या आणि घड्याळ चाळीस मिनिटं चाललं.

१२ मार्च

घड्याळ उलगडून जेवणाच्या टेबलावर पसरलंय. आम्ही पाच दिवस ताट मांडीवर घेऊन जेवतो आहोत. बारीक काम मिस्त्रींना दिसत नाही, म्हणून ही भिंग धरून बसते आणि सांगते. "हा दाता स्वच्छ आहे. ह्या भोकात काळं आहे." इतकी वर्षं घरात एक खिळा कधी न ठोकलेली बाई आता "तिसरं चाक" आणि "चौथं चाक" ओळखते. दोघांचं हसणंही चालू असतं. मी गेलो की थांबतं.

आज गंभीर प्रकार उघडकीला आला. यंत्राच्या मागच्या पितळी पट्टीवर, आतल्या बाजूने, कोणीतरी टोच्याने नावं कोरली आहेत! वर दोन इंग्रजी सह्या, सालं अठराशे एकाहत्तर आणि एकोणीसशे दोन. खाली मिस्त्रींच्या गुरूंची, ज्यांना वेधशाळेत "मास्तर" म्हणत, त्यांची सात वेळा सही. आणि त्याखाली अकरा वेळा "मि.", म्हणजे मिस्त्री, आणि तारीख.

"ऐतिहासिक वस्तूवर खरडलंत?" मी जवळजवळ ओरडलोच.

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "ज्याने घड्याळ उघडलं त्याने आत नोंद करायची, अशी पद्धत आहे साहेब. तिकडच्या लोकांनीच घातलेली. पुढच्याला कळतं, शेवटचं कधी साफ झालं ते."

"बाई यायच्या आत हे घासून काढा."

"तुम्ही सांगितलंत तर काढतो." त्यांनी कागद घेतला, घासायचा. हिने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि चहा ठेवायला गेली. कागद सोबत घेऊन गेली. परत दिला नाही.

१५ मार्च

घड्याळ चालतंय. कालपासून अखंड. मिस्त्रींनी लंबकाच्या दांडीवरच्या छोट्या तबकात पितळेची एक नखाएवढी चकती ठेवली आणि म्हणाले, दिवसाला एक सेकंद मागे पडतंय, ह्या वजनाने तेवढं पुढे जाईल, म्हणजे बरोबर येईल. ह्या वाक्याने मला का कोण जाणे भरून आलं.

मग मी बाईंच्या पत्रातल्या नोंदींचा विषय काढला. मिस्त्रींनी पिशवीतून आठ वह्या काढल्या. रोजची नोंद. तारीख, रेडिओवरच्या वेळेशी फरक, हवेचं तापमान, सही. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. मी खुशीत पानं उलटत होतो आणि डावीकडच्या रकान्यावर नजर अडली. त्या रकान्यात नोंद केल्याची वेळ होती. ९.०२. ९.०१. ९.०२. वर्षानुवर्षं.

"ह्या वेळा चुकीच्या आहेत," मी म्हटलं. "तुम्ही साडेनऊच्या आत कधी आलाच नाहीत."

"तुमच्यासमोर नाही आलो," मिस्त्री म्हणाले. "घड्याळाची खोली मागच्या आवारात होती ना. मी पावणेनऊला यायचो. नऊला रेडिओशी ताडून बघायचं, मग जुळवायचं. बरोबर साडेनऊला बटण दाबून तुमच्या दालनातल्या घड्याळाला सिग्नल द्यायचा. तो दिल्याशिवाय खोली सोडता येत नव्हती. मग कुलूप लावून चालत आपल्या टेबलापर्यंत यायला तीन मिनिटं. गुडघा दुखत असला तर चार."

मी हिशोब करून बघितला. दोनदा केला. म्हणजे कचेरीत साडेनऊ वाजायचे ते ह्या माणसाने वाजवले म्हणून. आणि ते वाजवून हा माणूस माझ्यासमोर येईपर्यंत तीन मिनिटं उशीर.

"मग हे सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात. तुम्ही म्हणालात, लेखी द्या."

"मग?"

"लेखी दिलं. त्यावर तुमचा शेरा आला, 'खुलासा मुदतीनंतर प्राप्त. विचारात घेता येत नाही.'"

भाषा माझीच. ओळखता आली.

ही भिंग पुसत होती. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

१६ मार्च

विशेष काही नाही.

२२ मार्च

ह्या प्रकरणाचा सर्व बाजूंनी विचार केला. माझी चूक काढायची म्हटली तर कुठे? समोरचं घड्याळ बघून खूण करणं माझं काम. घड्याळ बरोबर होतं. खूणही बरोबर. खुलासा खरोखर मुदतीनंतर आला असणार, नाहीतर मी तसं लिहिलंच नसतं. एकेक पायरी तपासली तर प्रत्येक पायरी बिनचूक आहे. फक्त सगळ्या पायऱ्या चढून गेल्यावर जिथे पोहोचतो ती जागा चुकीची आहे. हे कसं होतं, ते कळत नाही.

जुन्या कचेरीत चौकशी केली. गोपनीय अहवाल मागेच नष्ट झाले. दुरुस्ती करायला कागदच शिल्लक नाही. सुटल्यासारखं वाटलं. नंतर जिना उतरताना तसं वाटेना.

१४ एप्रिल

बाई येऊन गेल्या. सविस्तर लिहितो.

यायच्या होत्या अकराला. आल्या अकरा चाळीसला. पायांत कापडी बूट, पाठीला पिशवी. मूळपुरुषाच्या घराण्यातल्या बाईकडून ही अपेक्षा नव्हती. मी घड्याळाकडे बघितलं. त्या हसून म्हणाल्या, आमच्या रक्तातच आहे हो. खापरपणजोबा उशिरासाठी प्रसिद्ध होते, घरात अजून "त्यांच्या वेळेला" म्हणजे दोन तासांनी.

मी पुस्तिका हातात घेऊन उभा होतो. चौथ्या पानावर "वेळेचा पक्का" असं आहे. म्हटलं, पण असलं यंत्र घडवणारा माणूस...

त्यांनी कुठलं घडवलं, बाई म्हणाल्या. ते मूळचे फर्निचरवाले. पेट्या उत्तम करायचे. आतली यंत्रं मागच्या गल्लीत एक बहीण-भाऊ बनवत. यांनी ती विकत घ्यायची, पेटीत बसवायची आणि तबकडीवर स्वतःचं नाव घालायचं. तेव्हाचा रिवाजच तो. त्या बहीण-भावांची नावं घरच्या कागदांत आहेत, पण एकाही घड्याळावर सापडत नाहीत, म्हणून तर आम्ही जगभर घड्याळं उघडून बघत हिंडतो. आणि वहीचं म्हणाल, तर ती वही खापरपणजोबांनी म्हातारपणी आठवून लिहिलेली. निम्मे क्रमांक विसरले.

हिने माझ्याकडे बघितलं नाही. हा तिचा मोठेपणा.

मग मिस्त्रींनी घड्याळ थांबवून, उतरवून, मागची पट्टी दाखवली. बाई चक्क जमिनीवर बसल्या. पहिल्या इंग्रजी सहीवर त्यांनी बोट ठेवलं. ती त्या बहिणीची. पहिल्यांदाच सापडली. मग खालची एकेक सही विचारत गेल्या. हे कोण? हे मास्तर. आणि हे अकरा वेळा? मिस्त्री स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी." बाईंनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. माझी अकरा पानं खुर्चीवर होती, त्यांवर बाईंनी कॅमेऱ्याची पिशवी ठेवली होती.

त्यांना मिस्त्रींची माहिती मंडळाच्या पत्रिकेसाठी हवी होती. मिस्त्रींना इंग्रजी येत नाही, तेव्हा दुभाषी मी. जन्म, शिक्षण, मास्तरांकडची उमेदवारी, सगळं नीट सांगितलं. मग बाईंनी विचारलं, इतकी वर्षं असं काम केलं, म्हणजे उपकरण विभागाचे प्रमुख असतील?

मी प्रश्न मराठीत सांगितला. मिस्त्री म्हणाले, "नाही म्हणावं. शेवटपर्यंत मिस्त्रीच होतो."

"का, ते विचारतील."

"मग कारण सांगा. तुम्हाला पाठ असेल."

मी बाईंकडे वळलो. आणि इंग्रजीत, अगदी व्याकरणशुद्ध, सांगितलं, होय, हे उपकरण विभागाचे प्रमुख होते. कचेरीत त्यांना फार मान होता.

बाईंनी लिहून घेतलं. मिस्त्रींनी चहाचा कप उचलला. मला खोटं बोलल्याचं वाटलं नाही. उलट फार वर्षांनी एक काम हातावेगळं झाल्यासारखं वाटलं. आज मी मिस्त्रींना बढती दिली. तीही छापील, परदेशात, जगभर जाणाऱ्या पत्रिकेत. कोणत्या अधीक्षकाने आजवर एवढं केलं असेल?

१५ एप्रिल

ही शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवायची, हे काल माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

सकाळी चहा पुढ्यात ठेवून म्हणाली, "बढती इंग्रजीत दिलीत. छान झालं."

"तुलाही आवडलं ना?"

"हो. आता माफी मराठीत कधी मागताय?"

मी म्हटलं, मिस्त्रींच्या मनात काही नाही, त्यांनी कधी तक्रार केलेली नाही.

"लेखी नाही केली," ही म्हणाली.

१८ एप्रिल

मसुदा तयार केला. "तत्कालीन परिस्थितीत उपलब्ध माहितीच्या आधारे जे निर्णय घेतले गेले त्यांबाबत..." हिने वाचला आणि विचारलं, "हे कोणी केलं? 'घेतले गेले' म्हणजे कोणी घेतले? शेजाऱ्यांनी?"

फाडला.

१९ एप्रिल

गेलो. कागदाशिवाय.

सायकलच्या दुकानात गर्दी होती. वर मिस्त्री खिडकीपाशी बसून पावशेरभर जुन्या किल्ल्या लहान-मोठ्या अशा वेगळ्या लावत होते. मी दारातच उभा राहिलो. बसलो असतो तर बोललो नसतो, एवढं मला माझ्याबद्दल माहीत आहे.

म्हटलं, "मिस्त्री, माझं चुकलं."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात साहेब?"

"माझं चुकलं म्हटलं."

"खालच्या आवाजात ऐकू येत नाही हो. दुकानाचा गोंगाट असतो."

तेव्हा मी छाती भरून, मोठ्यांदा, जसं कधी वेधशाळेच्या वार्षिक सभेतही बोललो नव्हतो तसं बोललो. "मिस्त्री, तुम्ही रोज वेळेवर येत होतात! मी वर्षानुवर्षं तुमच्यापुढे उशिराची लाल खूण केली! तुमचं पद मी घालवलं! माझं चुकलं!"

खाली हवा भरायचा पंप थांबला. दुकानदार आणि दोन गिऱ्हाइकं जिन्याच्या तोंडाशी येऊन वर बघत होती. माझे कान तापले होते.

मिस्त्रींनी हातातली किल्ली खाली ठेवली. नाकावरून हात फिरवला. मग दुसरी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "आता आलं ऐकू. बसा."

बसलो. त्यांनी चहा केला. बाईंना इंग्रजीत काय सांगितलं तेही मी कबूल केलं, तर पत्रिकेत प्रमुख म्हणून छापून यायच्या आत ते दुरुस्त करून कळवा असं म्हणाले. "मिस्त्री" एवढंच लिहायला सांगा, पट्टीवरही तेच आहे. मी उद्या कळवतो म्हटलं. आजच कळवा, म्हणाले.

निघताना मला राहवलं नाही. ह्या वयात कान असे जाऊ देणं बरं नव्हे. म्हटलं, "मिस्त्री, कानांचा एक चांगला डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे. मी येतो सोबत, दाखवून घेऊ."

त्यावर ते इतके हसले, इतके हसले, की शेवटी मलाही हसावं लागलं. घरी येऊन हिला सांगितलं, तर ही तर डोळे पुसेपर्यंत हसली.

डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेऊन ठेवली आहे.